‘द्या, मला शिक्षा व्हायलाच हवी’ हा होकार नव्हे

ताई,
माझे बाबा ६८ वर्षांचे आहेत. पाच महिन्यांपूर्वीपर्यंत सगळ्यांचे हिशेब तोंडपाठ असलेला माणूस. मग हळूहळू बोलणं कमी झालं, झोप उडाली आणि त्यांनी एकच धोशा लावला. ‘मी घर लुबाडलं, माझ्यामुळे तुम्ही सगळे रस्त्यावर येणार, आता पोलीस येतील.’ यातलं काहीही खरं नाही. दोन महिने गोळ्या चालू आहेत, मध्ये एकदा बदलूनही झाल्या. आता ते दिवसाकाठी चार घास कसेबसे खातात. पाण्याचा पेला पुढे केला तर ओठ घट्ट मिटतात. डॉक्टरांनी ईसीटी, म्हणजे शॉक, सुचवलाय. दादा म्हणतो, ‘माझ्या बापाला वीज लावू देणार नाही, डोक्याचा भुगा होईल.’ आई म्हणते, ‘काहीही करा, पण यांना परत आणा.’
माझी झोप मात्र वेगळ्याच कारणानं उडालीये. डॉक्टरांनी बाबांना विचारलं, हा उपचार घ्याल ना? बाबा म्हणाले, ‘द्या. मला शिक्षा व्हायलाच हवी.’ डॉक्टरांनी मान डोलावली आणि फॉर्म पुढे सरकवला. त्यावर बाबांची सही आहे. ती सही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मी काय करू?
– एक मुलगी

प्रिय मैत्रीण,

आधी पाण्याचं बोलू या, सहीचं नंतर. बाबांच्या पोटात दिवसभरात किती पाणी गेलं, हे आजपासून मोजून लिहून ठेवा. लघवी कमी झाली असेल, ते ग्लानीत असतील, उठवल्यावर तोल जात असेल, तर माझं पुढचं काहीही वाचत बसू नका, त्यांना आजच्या आज रुग्णालयात न्या. या वयात शरीरातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडं फार लवकर बिघडतात. सलाइन सुरू झालं की तुम्हा सगळ्यांना विचार करायला दोन दिवस मिळतील. घरात वाद घालायचा असेल तर तो त्या दोन दिवसांत घाला, बाबा कोरडे पडत असताना नको.

आता ती सही. तुम्हाला जे खुपलं ते अगदी बरोबर खुपलं. ‘द्या, मला शिक्षा व्हायलाच हवी’ या वाक्यात ‘द्या’ आहे, पण होकार नाही. बाबांना जो आजार झालाय त्यात नैराश्याच्या जोडीला भ्रम असतात, आणि हे भ्रम बहुतेक वेळा असेच असतात : मी पापी आहे, मी कंगाल झालो, माझ्यामुळे सगळं बुडालं. अशा माणसाला उपचार समजलेलाच नसतो. त्यानं उपचाराच्या जागी फटक्यांची कल्पना केलेली असते आणि फटके त्याला मान्य असतात. उलट त्यांनी ‘नको, मी बरा होण्याच्या लायकीचा नाही’ असं म्हटलं असतं, तर तो नकारही तितकाच आजाराचा ठरला असता. दोन्हीकडून बोलतोय तो आजारच. डॉक्टरांना हे दिसायला हवं होतं. त्यांनी ते वाक्य ऐकून मान डोलावली याचा मला राग आला, आणि तो मी लपवणार नाही.

खरा होकार म्हणायचा तर माणसाला चार गोष्टी कळाव्या लागतात. मला काय झालंय, हे लोक काय करणार आहेत, त्यानं काय फायदा-तोटा होईल आणि नाही केलं तर काय होईल. आणि कळलेलं त्यानं स्वतःच्या शब्दांत परत सांगायला हवं. पुन्हा विचारून बघा, पण वेळ निवडून. अशा नैराश्यात पुष्कळांची सकाळ सगळ्यात वाईट जाते आणि संध्याकाळपर्यंत मन थोडं सैल होतं. बाबांचंही तसं असेल तर संध्याकाळी बसा. खोलीत माणसं कमी ठेवा. छोटी वाक्यं बोला. ‘बाबा, तुम्ही आजारी आहात. हे औषधासारखंच आहे. भूल देतील, झोपेत होईल. कुणी तुम्हाला शिक्षा करत नाहीये.’ मग थांबा. भरपूर थांबा, कारण या आजारात एका प्रश्नाचं उत्तर यायला कधीकधी मिनिटभर लागतं आणि आपण धीर सोडून मध्येच बोलतो. मग विचारा, ‘मी काय म्हणाले ते सांगाल?’

त्यांनी सांगितलं, तर तुमच्या हातात खरं काहीतरी आलं. नाही सांगता आलं, तर ती सही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना स्पष्ट म्हणा की बाबांना आत्ता निर्णय घेता येत नाही असं आम्हाला वाटतं, ते तपासून कागदावर लिहा, आणि अशा वेळी कायद्याप्रमाणे निर्णय कुणी आणि कसा घ्यायचा ते आम्हाला सांगा. दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचं मतही मागा. ते मागण्यात अपमान वगैरे काही नसतो. असा निर्णय घ्यायची वेळ तुमच्यावर आलीच, तर ‘आम्हाला काय हवंय’ या प्रश्नाला तिथं जागा नाही. सहा महिन्यांपूर्वीचे, हिशेब तोंडपाठ असलेले बाबा या टेबलाशी बसले असते तर काय म्हणाले असते, ते विचारा. दादाला विचारा, आईला विचारा. त्या बाबांना तुम्ही तिघं चांगलं ओळखता.

दादाबद्दल. कृपा करून त्याला अडाणी ठरवू नका. तो ज्याला घाबरतोय ते खरोखर घडलेलं आहे. १९३४ मध्ये लाडिस्लाउस मेडुना या डॉक्टरांनी औषधानं मुद्दाम झटके आणायला सुरुवात केली, ती या समजुतीतून की फिट येणाऱ्यांना स्किझोफ्रेनिया होत नाही. ती समजूत चुकीची होती. १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी या डॉक्टरांनी त्यासाठी वीज वापरली. सुरुवातीची कित्येक वर्षं भूल न देता, स्नायू सैल न करता हे होत असे. माणसं जोरानं आखडत, मणके मोडत. मोठमोठ्या मनोरुग्णालयांत आजारासाठी नव्हे तर गोंगाट करणाऱ्याला गप्प करण्यासाठीही शॉक दिले गेले. सिनेमांनी हे चित्र उचललं आणि ते आपल्या डोक्यात कायमचं बसलं. दादाच्या डोळ्यांसमोर ते आहे. त्याला ‘तसं काही नसतं रे’ म्हणून उडवून लावलंत तर तो आणखी घट्ट होईल. तसं होतं. आता नाही, नसायला हवं.

आता काय होतं ते दादाला सांगा, जमलं तर डॉक्टरांकडून समोरासमोर ऐकवा. रुग्ण उपाशीपोटी येतो. हातात सुई लावतात, भूलतज्ज्ञ भूल देतो, मग स्नायू सैल करणारं इंजेक्शन. दातांमध्ये रबराचा ठोकळा ठेवतात. नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क. विजेचा प्रवाह काही सेकंदांचा, त्यानं मेंदूत जो झटका येतो तो साधारण २० ते ६० सेकंदांचा. स्नायूंचं औषध अंगभर पसरण्याआधी पुष्कळ ठिकाणी एका घोट्याला रक्तदाब मोजायचा पट्टा आवळून ठेवतात, म्हणजे ते औषध त्या पावलात पोचत नाही. बाकीचं शरीर शांत पडलेलं असतं आणि त्या एका पावलाची बोटं तेवढी थरथरतात. झटका आला की नाही हे डॉक्टर त्या बोटांवरून आणि मेंदूच्या आलेखावरून ओळखतात. पाच-दहा मिनिटांत माणूस जागा व्हायला लागतो. जागा झाल्यावर अर्धा-पाऊण तास ‘मी कुठंय’ असं विचारतो, डोकं दुखतं, कधी मळमळतं. हे आठवड्यात दोनदा किंवा तीनदा, एकूण ६ ते १२ वेळा.

भूल न देता शॉक देणारं कुणी भेटलं, तर तिथून बाबांना उठवून घेऊन या. इथं मला दुसरी बाजू दिसत नाही.

आता, हे खरंच चालतं का? यावर जाणकारांतही वाद आहे आणि तो तुम्ही ऐकलेला बरा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २००३ साली जुने सगळे प्रयोग एकत्र करून बघितले गेले. काही रुग्णांना खरी ईसीटी दिलेली, काहींना नुसती भूल देऊन वीज न लावलेली. खरी ईसीटी स्पष्टपणे सरस ठरली. याच्यावर मानसशास्त्रज्ञ जॉन रीड आणि त्यांचे सहकारी यांचा आक्षेप असा की ते नुसत्या भुलीचे प्रयोग सगळे १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंतचे, छोटे आणि आजच्या मापानं कच्चे आहेत. हा आक्षेप पोकळ नाही. ईसीटी नेमकी कशी काम करते, हेही विज्ञानानं अजून पुरतं उलगडलेलं नाही. पण हा वाद ‘नैराश्यासाठी ईसीटी’ या सगळ्या मोठ्या गठ्ठ्याबद्दल आहे. तुमचे बाबा त्या गठ्ठ्यातल्या एका खास कोपऱ्यात आहेत : वय जास्त, भ्रम आहेत, खाणंपिणं तुटलंय, वेळ हातात नाही. या कोपऱ्यात ईसीटीचा गुण सगळ्यात जास्त आणि सगळ्यात लवकर दिसतो, हे वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा आढळलंय. ऑफिसला जाऊन येऊन उदास राहणाऱ्या माणसाबद्दल तुम्ही विचारलं असतं तर मी वेगळं लिहिलं असतं.

गोळ्यांबद्दल एक प्रश्न मात्र डॉक्टरांना विचारायचाच. भ्रमासहित नैराश्यात नुसतं नैराश्याचं औषध सहसा पुरत नाही, जोडीला भ्रमावरचं औषध लागतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात भ्रमावरच्या औषधाच्या जोडीला नैराश्याचं औषध दिलेल्यांपैकी सुमारे ४२ टक्के १२ आठवड्यांत बरे झाले, जोडीला खोटी गोळी दिलेल्यांपैकी सुमारे २४ टक्के. तेव्हा बाबांना दोन्ही औषधं, पुरेशा मात्रेत, पुरेसे दिवस मिळाली का? मिळाली नसतील आणि ते पाणी पीत असते, तर थांबून बघा म्हणाले असते. पण १२ आठवडे म्हणजे तीन महिने. ओठ मिटून घेणाऱ्या माणसाकडे तीन महिने नसतात. आणखी कुणी तुम्हाला केटामाइन हे मुळात भुलीचं असलेलं औषध सुचवेल. २०२३ मध्ये त्याची ईसीटीशी तुलना झाली आणि ते मागे पडलं नाही, हे खरं. पण त्या प्रयोगात भ्रम असलेले रुग्ण घेतलेलेच नव्हते. समुपदेशनाचंही असंच. मी स्वतः समुपदेशनावर जीव लावणारी बाई, पण जो माणूस उत्तर द्यायला मिनिट घेतो त्याच्याशी आज ते होणार नाही. बरे व्हायला लागले की जरूर.

तर माझं मत विचाराल, तर ईसीटीकडे झुकतं. आणि आता त्याची किंमत सांगते, कारण ती कुणीतरी तुम्हाला आधीच सांगायला हवी.

माझ्या मोठ्या बहिणीला अनेक वर्षांपूर्वी ईसीटी दिली. नऊ सिटिंग. तीही अशीच भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. चौथ्या सिटिंगनंतरच्या संध्याकाळी तिनं माझ्याकडे कंगवा मागितला. दोन महिन्यांत तिनं मागितलेली ती पहिली गोष्ट. मी कंगवा शोधायला गेले आणि मोरीत उभी राहून रडले. ती बरी झाली, घरी आली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाली, ‘हे कुणी आणलं?’ ते तिनंच आणलं होतं. आजारी पडायच्या थोडं आधी, माझ्याबरोबर दुकानात जाऊन, तीन घड्याळं नाकारून. तिला दुकान आठवत नव्हतं, मी बरोबर होते हेही नाही. मग हळूहळू कळत गेलं की त्या काळातल्या तिच्या आठवणींना भोकं पडली आहेत. काही भरली. घड्याळ कधीच परत आलं नाही.

ती चिडली ती विसरण्यावर नाही. आम्ही सगळ्यांनी, डॉक्टरांसकट, तिला ‘काही होत नाही गं’ म्हणून सांगितलं होतं, त्यावर चिडली. तिला घाबरवायचं नाही म्हणून आम्ही खोटं बोललो, आणि बरी झाल्यावर तिच्याच लक्षात आलं की आपण आजारी असताना घरातली सगळी आपल्याशी खोटं बोलली. कितीतरी दिवस ती माझ्या साध्या बोलण्यावरही विश्वास ठेवत नव्हती. खूप नंतर मी तिला विचारलं, पुन्हा वेळ आली तर घेशील? ‘घेईन बहुतेक,’ म्हणाली. आणि थोड्या वेळानं, ‘पण घड्याळाचं आधी सांग.’

तेव्हा विसरण्याचं सविस्तर सांगते. नवीन गोष्टी लक्षात ठेवायला जो त्रास होतो तो बहुतेकांचा काही दिवसांत, काही आठवड्यांत जातो. २०१० सालच्या एका मोठ्या आढाव्यात चाचण्यांमधली घट मुख्यतः पहिल्या तीन दिवसांपुरतीच दिसली, आणि दोन आठवड्यांनंतर पुष्कळ बाबतींत माणसं उपचाराआधीपेक्षा बरी ठरली, कारण नैराश्यही स्मरण खातंच. पण चाचणीत घड्याळ कुणी विचारत नाही. आपल्याच आयुष्यातल्या, विशेषतः उपचाराच्या आधीच्या महिन्यांतल्या आठवणी जाणं, ही वेगळी गोष्ट आहे. २००३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या आढाव्यात रुग्णांना थेट विचारलेल्या अभ्यासांकडे बघितलं, तेव्हा निदान एक तृतीयांश रुग्ण म्हणत होते की आमच्या काही आठवणी कायमच्या गेल्या. डॉक्टर चाचणीचे आकडे दाखवतात, रुग्ण घड्याळ दाखवतात, आणि दोघंही खरं बोलत असतात.

हा तोटा कमी करता येतो. वीज डोक्याच्या दोन्ही बाजूंना लावायची की फक्त उजव्या, आणि तिचे ठोके किती आखूड ठेवायचे, यावर स्मरणाचं नुकसान बरंच अवलंबून असतं. उजव्या बाजूची, आखूड ठोक्यांची ईसीटी स्मरणाला कमी झोंबते, मात्र कधीकधी गुण यायला जास्त सिटिंग लागतात. बाबांच्या बाबतीत घाई आहे म्हणून डॉक्टर कदाचित दोन्ही बाजूंनी सुरू करायचं म्हणतील. म्हणू देत, पण का ते विचारा, आणि सुधारणा दिसल्यावर बदलता येईल का तेही. हृदयाची तपासणी, रक्तदाब, दातांची कवळी, चालू असलेली सगळी औषधं, हे सगळं भूलतज्ज्ञाला आधी कळलं पाहिजे. जिवाला धोका फार कमी आहे. २०१७ सालच्या आढाव्यात एक लाख सिटिंगमागे दोनच्या आसपास मृत्यू आढळले. दादाला हा आकडा सांगा, डोक्याचा भुगा हा शब्द त्यामुळे थोडा मऊ होईल.

आणखी एक, जे घाईत हमखास राहून जातं. ईसीटीनं माणूस वर येतो, पण वर टिकवायला पुढे औषध लागतंच. २००१ सालच्या एका अभ्यासात ईसीटीनं बऱ्या झालेल्यांना पुढे नुसती खोटी गोळी दिली, तर सहा महिन्यांत ८४ टक्के पुन्हा आजारी पडले. ज्यांना नैराश्याचं औषध आणि लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध, दोन्ही मिळाली त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं. ३९ हासुद्धा लहान आकडा नाही. आईला वाटतंय की नऊ-दहा सिटिंग झाल्या की यजमान परत आले आणि विषय संपला. तिला हे आत्ताच, हळुवारपणे, पण सांगून ठेवा. नाहीतर बरं वाटल्यावर गोळ्या बंद करायला तीच पहिली पुढे येईल.

आता परत सहीकडे. होकार म्हणजे एकदा मिळवून फायलीत लावायचा कागद नाही. तिसऱ्या सिटिंगनंतर बाबांना पुन्हा विचारा. सहाव्यानंतर पुन्हा. ते जसजसे वर येतील तसतसा निर्णय त्यांच्या हातात परत द्यायचा. एखाद्या संध्याकाळी ते शुद्धीवर, शांतपणे म्हणाले की बस झालं, मला विसरायला होतंय, मला आता गोळ्यांवर राहायचंय, तर तो नकार त्यांचा असेल, आजाराचा नाही, आणि तो तुम्ही मानायचा. डॉक्टरांनीही मानला पाहिजे. सुरू करण्याआधीच डॉक्टरांना हे बोलून दाखवा. जे डॉक्टर यावर वैतागतील त्यांना माझा मनापासून विरोध आहे. पूर्ण बरे झाल्यावर, घाई नसताना, बाबांकडून हेही लिहून घ्या की पुन्हा कधी असा आजार झाला तर मला काय चालेल आणि काय नाही. त्या कागदावरची सही तुम्हाला सलणार नाही.

दादाला विरोधक म्हणून बाहेर ठेवू नका, कामाला लावा. पहिल्या सिटिंगला खोलीबाहेर तोच बसू दे. बाबा जागे होताना त्यांना दिसणारा पहिला चेहरा त्याचा असू दे. ‘मी कुठंय’ याचं उत्तर त्यानं द्यावं, दहादा विचारलं तर दहादा.

आणि तुम्ही एक वही घ्या. आजच. बाबांच्या गेल्या वर्षभरातल्या गोष्टी तीत लिहा. कुणाचा फोन आला होता, काय विकत आणलं, कुणाशी भांडले, कशावर हसले. लहानसहान सगळं, तारखेसकट, आठवेल तसं. दादालाही लिहायला सांगा, आई सांगेल ते तुम्ही उतरवा. जमतील तेवढे फोटो लावा, मागे नावं लिहा. बाबा घरी येऊन एखाद्या वस्तूकडे बोट दाखवून ‘हे कुणी आणलं’ म्हणतील, तेव्हा वही काढून त्यांच्या हातात द्या आणि शेजारी बसा.

उपचार सुरू झाले की मला लिहा. पाणी किती प्यायले तेही लिहा.

तुमची,
ताई